सर्दी नाही, मग सर्दीची गोळी कशाला?



काही महिन्यांपूर्वी आमच्या ग्रामसंघाची बैठक संपत आली होती. बचत जमा झाली, दोन थकीत हप्त्यांवर बोलणं झालं, चहाही झाला. मी वह्या पिशवीत भरत होते. तेवढ्यात एक ताई शेजारी येऊन बसल्या आणि पदराआडून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. आत सर्दीच्या गोळ्यांची दोन पाकिटं होती. एकातल्या सहा गोळ्या संपलेल्या.

"लेकीच्या ग्राउंडच्या बॅगेत सापडल्या," त्या हळूच म्हणाल्या. "तिला सर्दी नाही, पडसं नाही. मग हिला या कशाला लागतात हो?"

ही लेक आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. शाळेत असल्यापासून आठशे मीटर पळते, जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेली. आता पोलीस भरतीची तयारी चालू आहे. अकॅडमीची फी भरायला ताईंनी गटातूनच कर्ज घेतलंय आणि त्या ठरावावर आम्ही सगळ्यांनी हौसेनं सह्या केल्यात. त्यामुळे ही काळजी एकट्या त्यांची नाही, गटाचीसुद्धा आहे, असं मला वाटलं.

मी काही डॉक्टर नाही. आरोग्य सखी म्हणून जेवढं प्रशिक्षण झालं तेवढंच मला येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या औषध देणाऱ्या सरांना आणि मग डॉक्टर मॅडमना विचारलं. घरी येऊन आणखी वाचलं. त्यातून जे कळलं ते या वेळच्या अभ्यास लेखात मांडते आहे. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

एका गोळीत चार औषधं

सरांनी चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. त्या एका गोळीत चार औषधं निघाली. पहिलं पॅरासिटामॉल, ताप आणि अंगदुखीचं. दुसरं फेनिलेफ्रिन, चोंदलेलं नाक मोकळं करणारं. तिसरं क्लोरफेनिरामिन, शिंका आणि नाक गळणं थांबवणारं. या औषधानं झोप येते. चौथं कॅफिन, म्हणजे आपल्या चहा-कॉफीत असतं तेच.

"म्हणजे पळायला तरतरी यावी म्हणून पोरगी जी गोळी खाते, तिच्यात झोपेचंही औषध आहे," सर म्हणाले आणि हसले.

मला हसू आलं नाही. कारण मुलीनं आईला नंतर सांगितलं की ती एक गोळी घेतच नव्हती. टायमिंग घ्यायच्या दिवशी, पळायच्या आधी, एका वेळी तीन घ्यायची. वरून एनर्जी ड्रिंकचा डबा. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे तीन गोळ्यांत दीड हजार. मोठ्या माणसाला दिवसभरात मिळून चार हजारांपेक्षा जास्त जाऊ नये, वजन कमी असेल तर त्याहूनही कमी, असं सांगतात. आता हीच मुलगी संध्याकाळी अंग दुखतंय म्हणते, आणि आई काय करते? डब्यातली तापाची गोळी देते. तीही पॅरासिटामॉलच. आईला ठाऊक नाही, लेकीला ठाऊक नाही, आणि सगळा भार यकृतावर. यकृत बिघडायला लागतं तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांत फार काही कळतही नाही, हे त्यातलं वाईट.

तीन गोळ्या कुणी सांगितल्या? ग्राउंडवरच्या एका मोठ्या मुलानं. "सगळ्याच घेतात, मेडिकलमध्ये चिठ्ठी लागत नाही, म्हणजे काही होत नाही." हे शेवटचं वाक्य नीट ऐका. चिठ्ठी लागत नाही, म्हणजे काही होत नाही. आपणही असंच समजतो ना?

नाकाचं औषध आणि धावणं यांचा संबंध काय?

हा प्रश्न मलाही पडला होता. नाक कुठे, पाय कुठे!

आपण घाबरलो, साप दिसला, की छाती धडधडते, अंगात एकदम जोर येतो. शरीर तेव्हा आपलं आपण एक रसायन सोडतं, अ‍ॅड्रेनलिन. त्यानं हृदयाचे ठोके वाढतात आणि बऱ्याच ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आता सर्दीत नाक चोंदतं ते नुसत्या शेंबडानं नाही. नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून चोंदतं. त्या आकसल्या की नाक मोकळं. म्हणून औषध बनवणाऱ्यांनी अ‍ॅड्रेनलिनसारखं काम करणारी औषधं सर्दीसाठी वापरली. एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, फेनिलेफ्रिन ही त्याच घरातली भावंडं. काही जोरकस, काही सौम्य. पण पोटात गेलेलं औषध फक्त नाकापाशी थांबत नाही. ते हृदयाकडेही जातं, आणि यातली काही मेंदूपर्यंतही पोचतात. अशा औषधांना उत्तेजक म्हणतात.

हे नातं किती जुनं आहे बघा. अ‍ॅम्फेटामिन हे नाव आज नशेच्या बातम्यांत येतं. पण १९३० च्या दशकात अमेरिकेत ते नाक मोकळं करायच्या नळकांडीत भरून, चिठ्ठीशिवाय विकलं जायचं. लोकांच्या लक्षात आलं की नाक सुटतं आणि झोपही उडते. मग ते अभ्यासाला, लढाईला, ट्रक चालवायला आणि अर्थातच खेळाच्या मैदानावर गेलं. मिथाइलहेक्सानामिन म्हणून आणखी एक आहे. तेही मूळचं नाकाचंच औषध. पुढे ते औषध म्हणून बंद झालं आणि ताकदीच्या पावडरींतून परत आलं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपल्या देशातले काही कुस्तीगीर आणि जलतरणपटू याच पदार्थासाठी चाचणीत सापडले होते.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. फेनिलप्रोपॅनोलामिन नावाचं औषध पूर्वी सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असायचं. परदेशात ते भूक मारून वजन उतरवायच्या गोळ्यांतही घालत. अमेरिकेत अभ्यास झाला तेव्हा दिसलं की हे घेणाऱ्या तरुण बायकांमध्ये मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. २००० साली तिथल्या सरकारनं ते बाजारातून काढायला सांगितलं. भारतात २०११ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर बंदीची अधिसूचना काढली. तोपर्यंत कितीतरी वर्षं ते घराघरातल्या डब्यात होतं, "साधी सर्दीची गोळी" म्हणून.

स्टार्टरला काडी लावली तर

थकवा का येतो, यावर डॉक्टर मॅडम जे बोलल्या ते मला फार पटलं. थकवा म्हणजे शरीराचा निरोप असतो: आता थांब, आत गरम झालंय, पाणी कमी पडलंय. उत्तेजक औषध ताकद आणून देत नाही, फक्त तो निरोप आपल्यापर्यंत पोचू देत नाही.

आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घ्या. लोड जास्त आला की स्टार्टर ट्रिप होतो. कुणीतरी शहाणा बटणाला काडी खोचून ते दाबून धरतो. मोटार चालत राहते, पाणी येतं, सगळे खूश. आणि मग एके दिवशी कॉइल जळते. रिवाइंडिंगला किती पैसे जातात ते तुम्हाला माहीत आहे. शरीराचं रिवाइंडिंग होत नाही.

उन्हात हे जास्त वाईट. पळताना अंगात तयार झालेली उष्णता कातडीतून आणि घामातून बाहेर जाते. त्यासाठी कातडीकडे रक्त जास्त जावं लागतं. ही औषधं तिथल्याच वाहिन्या आकसवतात. म्हणजे आत चूल पेटलेली आणि धुराडं अर्धं बंद.

१९६७ साली, १३ जुलैला, फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन नावाचा इंग्लंडचा खेळाडू मों व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगराचा चढ चढताना कोसळला आणि गेला. वय २९. दोन वर्षांपूर्वी तो जगज्जेता झाला होता. कडक ऊन होतं. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन आणि दारू सापडली, खिशातही गोळ्या होत्या. खेळात औषधांची चाचणी करायची व्यवस्था पुढे जी कडक होत गेली, तिच्यामागे या मृत्यूचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. फेब्रुवारी २००३, अमेरिकेतला फ्लोरिडा. स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. अंगाचा ताप १०८ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला होता. तो वजन उतरवायला दुकानात उघड मिळणारी गोळी घेत होता. तिच्यात एफेड्रा होतं, ज्या झुडपातून एफेड्रिन मिळतं ते. त्याचं वजन जास्त होतं, रक्तदाबाचा त्रास होता आणि त्या दिवसांत तो नीट जेवतही नव्हता. हे सगळं एकत्र आलं. घरी बायको गरोदर होती. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेनं एफेड्रा असलेल्या अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

एफेड्रा ही वनस्पती आहे हे लक्षात ठेवा. आपल्या हिमालयातही होते, तिला सोमलता म्हणतात, दम्याच्या काही जुन्या औषधांत ती वापरतात. म्हणून "हे तर झाडपाल्याचं, याचा काय अपाय" असं कुणी म्हणालं की मी आता गप्प बसत नाही. वैद्यानं रोगी बघून दिलेलं औषध वेगळं, आणि ग्राउंडवर कुणीतरी दिलेली पुडी वेगळी.

चूक नसताना गेलेलं पदक

आतापर्यंत जिवाचं बोललो. आता पदकाचं आणि नावाचं. आपल्या काही मुली कबड्डी, कुस्ती, धावणं यात राज्यापर्यंत जाऊ लागल्या आहेत, त्यांच्या आयांनी हे जरूर वाचावं.

सन २०००, सिडनी ऑलिम्पिक. रोमानियाची आंद्रेया राडुकान, वय १६, लहान चणीची जिम्नॅस्ट. वैयक्तिक सर्वांगीण प्रकारात तिनं सुवर्णपदक जिंकलं. सर्दी-डोकेदुखी होती म्हणून संघाच्या डॉक्टरनं तिला साधी सर्दीची गोळी दिली होती. तिच्यात स्यूडोएफेड्रिन होतं. चाचणीत ते सापडलं आणि सुवर्णपदक काढून घेतलं. तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं हे सगळ्यांनाच दिसत होतं. तिनं क्रीडा लवादाकडे दाद मागितली, पण निकाल बदलला नाही. डॉक्टरवर कारवाई झाली, पण पदक आजही तिच्याकडे नाही. नियम असा आहे की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, हा पुढचा प्रश्न.

गंमत म्हणजे २००४ मध्ये स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून काढलं आणि २०१० पासून परत घातलं. आता त्याला मर्यादा आहे: एक मिलिलिटर लघवीत १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर खेळाडू दोषी. एफेड्रिनची मर्यादा फक्त १०. ही बंदी स्पर्धेच्या काळापुरती आहे. पण गोळी आदल्या दिवशी घेतली तरी दुसऱ्या दिवशी ती अंगात असू शकते. फेनिलेफ्रिनवर बंदी नाही. पण पाकिटं सारखीच दिसतात, नावंही जवळजवळ सारखी, आणि एकाच कंपनीच्या दोन गोळ्यांत वेगवेगळी औषधं असतात. घाईत कोण वाचतं?

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर विरारच्या पृथ्वी शॉचं. २०१८ मध्ये पहिल्याच कसोटीत शतक मारलेला मुलगा. २०१९ मध्ये एका स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. हे उत्तेजक नाही, श्वासनलिका मोकळी करणारं औषध आहे, आणि खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांत असतं. खोकला होता म्हणून औषध घेतलं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळानं मान्य केलं. तरीसुद्धा आठ महिने खेळायला बंदी झाली. वय तेव्हा १९.

इथे एक धोक्याची सूचना देते, कारण ऐकून कुणी उलटं करायला नको. लेकराला दमा असेल तर त्याचा पंप बंद करू नका. दम्यासाठी नियमात बसणारी औषधं आहेत. आणि लागलंच तर डॉक्टरांच्या कागदपत्रांवर उपचारासाठी सवलत मागता येते. फक्त डॉक्टरांना आधी सांगायचं, "मुलगी खेळाडू आहे, हिची चाचणी होऊ शकते." एवढं एक वाक्य. राष्ट्रीय डोपिंग विरोधी संस्था, जिला नाडा म्हणतात, तिचे लोक खेलो इंडियासारख्या स्पर्धांतसुद्धा नमुने घेतात. औषध चालतं की नाही हे नाडाकडे विचारता येतं. मोबाइलवर मुलांकडूनच बघून घ्या, ती आपल्यापेक्षा पटकन शोधतात.

गोळीनंतर काय

आता जे लिहिते ते लिहावं की नाही, असा विचार केला. पण झाकून काय उपयोग!

गोळीनं दोन-चार वेळा धडधड वाढते, "किक बसली" असं वाटतं. पुढे तीच गोळी पुरत नाही. मग कुणीतरी इंजेक्शनचं नाव काढतं. मेफेन्टरमिन नावाचं इंजेक्शन आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात, समोर यंत्रावर नजर ठेवून. तेच इंजेक्शन जिममध्ये आणि भरतीच्या पोरांत चोरून विकलं जातं. आपल्या राज्यात अशा विक्रीवर पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारवाया झालेल्या तुम्ही पेपरात वाचल्या असतील. त्याची सवय लागते, हृदयाचे ठोके बिघडतात, डोकं भ्रमिष्टासारखं होऊ शकतं. एकच सुई दोघांतिघांत फिरली तर एचआयव्ही आणि काविळीचे विषाणूही सोबत येतात. बॅगेत लहान काचेची बाटली किंवा सुई सापडली तर पोरावर ओरडत बसू नका. तेवढा वेळ नसतो. आधी दवाखाना.

एनर्जी ड्रिंकबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. कॅफिनवर खेळात बंदी नाही, २००४ मध्येच ते यादीतून काढलं. आपणही दिवसातून तीन वेळा चहा पितो, उगाच साधूपणा कशाला करायचा? भारतात एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे २५० च्या डब्यात जास्तीत जास्त ७५. एका डब्यानं जीव जात नाही. पण डबा, वर कॅफिनची गोळी, वर सर्दीची गोळी, पोटात सकाळपासून काही नाही आणि डोक्यावर एप्रिलचं ऊन, ही बेरीज वाईट. शिवाय रात्री झोप उडते. झोप गेली की दुसऱ्या दिवशी पाय जड, मग परत डबा. डब्यावर छापलेलं असतं की मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे पिऊ नये. तेही वाचत चला.

आणि एवढं करून वेळ किती सुधारते? नेहमीच्या मात्रेत सर्दीच्या गोळीनं धावण्याची वेळ कमी होते असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. या मुलीच्या वहीतही नाही. तिनं टायमिंग लिहून ठेवलंय, ते मी पाहिलं. गोळी घेतलेल्या दिवशी तीन मिनिटं आठ सेकंद, न घेतलेल्या दिवशी तीन मिनिटं दहा. आणि गोळीच्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागरण.

मग ती दमत का होती?

भरतीत मुलींना आठशे मीटरला पुरे वीस गुण हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत पळावं लागतं. मैदानी चाचणी एकूण पन्नास गुणांची, त्यातले वीस इथेच. हिला वीस सेकंद कमी करायचे होते आणि सहा महिने ते होत नव्हतं. दुसऱ्या फेरीत पोटऱ्या भरून यायच्या, धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. ग्राउंडवर तिला म्हणाले, "तुझ्यात दम नाही." पोरीनं ते खरं मानलं.

डॉक्टर मॅडमनी तिला आणायला सांगितलं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२. बाईच्या रक्तात ते निदान १२ हवं. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी गाडी. तीच कमी, तर पायांना प्राणवायू पोचणार कसा! आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की थकवा हा बाईचा स्वभावच समजतो आपण. अकॅडमीत फी घेताना छाती मोजली, उंची मोजली, वजन केलं. रक्त कुणी तपासलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही कर्जाच्या ठरावाच्या वेळी ते विचारलं नाही.

मॅडमनी पुढे विचारलं तेव्हा बाकीचंही बाहेर आलं. पाळी आठ-आठ दिवस, अंगावरून जास्त जातं. पहाटे पाचला निघताना फक्त चहा. अकरापर्यंत पोटात काही नाही. शाळेत मिळायची ती लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून कधी गिळलीच नाही, बाकाखाली टाकली.

उपचार अगदी साधा निघाला. जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या, पाळीसाठी वेगळी तपासणी. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घ्यायची. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. पहाटे निघताना एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, परत आल्यावर भाकरी, डाळ, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडं. सर्दी-तापात पळायचं नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. तापात गोळी घेऊन पळालं तर ताप दबतो, पण आजार तसाच असतो, आणि कधी कधी त्या आजारात हृदयाच्या स्नायूलाही सूज आलेली असते.

दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१ झालं. परवाचं टायमिंग तीन मिनिटं एक सेकंद. अजून अकरा सेकंद बाकी आहेत आणि भरतीची जाहिरात कधी निघेल ते आपल्या हातात नाही. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला आहेच. ताईंनी दोन महिन्यांची सवलत मागितली होती, ती गटानं दिली आहे.

पुढच्या बैठकीसाठी

घरातल्या डब्यातली सर्दी-खोकल्याची सगळी पाकिटं आणि बाटल्या पिशवीत घालून आणा. अर्धी कापलेली, नाव फाटलेलीसुद्धा. आरोग्य केंद्रातले औषधवाले सर तासभर येणार आहेत. आपण पाकीट उलटं करून वाचायला शिकणार आहोत. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, नावाचा आकार डोळ्यांत बसतो, जसा एसटीच्या पाटीवरचा बसतो. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, ती रेघ तर कुणालाही दिसते. एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, टर्ब्युटालिन ही तीन नावं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी ती वहीत उतरवून घ्यावीत. पॅरासिटामॉल कुठल्या कुठल्या गोळीत आहे ते मोजू. माझा अंदाज आहे की प्रत्येक घरात निदान तीन वेगळ्या नावांनी ते सापडेल.

भरतीची किंवा खेळाची तयारी करणाऱ्या मुलींना सोबत आणा, मुलग्यांनाही. हिमोग्लोबिन तपासायची सोय त्याच दिवशी करतो आहोत, उपकेंद्राच्या ताईंशी बोलणं झालंय. आणि अकॅडमीच्या फीसाठी कर्ज मागणाऱ्या सभासदांच्या अर्जाला यापुढे रक्त तपासणीचा कागद जोडावा का, हा विषय मी बैठकीत ठेवणार आहे. काहीजणींना ते आवडणार नाही, माहीत आहे. तरी चर्चा करू.